नऊ नंबरची जर्सी, शिवलेले आकडे, साइझ लार्ज

किंमत २२ डॉलर. दुकान फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला एका उपनगरातलं, जुन्या कपड्यांचं. नाव सांगून उपयोग नाही, कारण अशा दुकानात आज दिसलेला माल उद्या नसतो. २०१९ चा वसंत होता. दांडीवर दाटीवाटीने लटकलेल्या जर्स्यांत ही होती: अमेरिकन फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्स संघाचा गर्द हिरवा रंग, छातीवर आणि पाठीवर पांढरा ९, पाठीवर वरच्या बाजूला ‘फोल्स’ हे आडनाव, आणि पुढे डावीकडे ५२ व्या सुपर बोलचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याचा, बिल्ला. ही प्रत नवी घ्यायची तर तेव्हा दीडशे डॉलरच्या आसपास पडायची.

आधी कापडाबद्दल बोलतो, कारण तेवढ्यापुरतं माझ्या शब्दाला थोडं वजन आहे. आम्ही इचलकरंजीचे. घरात माग होते. कुठलाही कपडा हातात आला की आधी उलटा करून बघायचा, ही खोड तिथली. बायकोला लग्नातल्या पैठण्या उलट्या करून दाखवायला लावल्या म्हणून ती अजून टोमणे मारते. तर ही जर्सी पॉलिएस्टरची. मागावरची नाही, होजिअरी आहे. ताणा-बाणा नाही, फासे आहेत. चिमटीत धरून आडवं ओढलं की ताणतं, सोडलं की मुकाट जागेवर येतं. बगलेला जाळीचं कापड आहे. खांद्याचा जोड वरून दुहेरी शिलाईने दाबलाय, त्यामुळे वजनदार आकडे लटकूनही गळा खाली ओढला जात नाही. बाप्पांना, म्हणजे वडिलांना, व्हिडिओ कॉलवर दाखवली तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, रंग उतरतो का? अजून तरी उतरलेला नाही.

खरी पारख आकड्यांत असते. अधिकृत जर्स्या ढोबळ मानाने तीन प्रतींत मिळतात. सगळ्यात स्वस्त प्रतीत आकडे छापलेले. मधल्या प्रतीत ट्विलचं कापड कापून, एकावर एक बसवून, कडेने झिगझॅग शिलाई मारलेली. वरच्या प्रतीची खेळाडूंच्या जर्सीसारखी, अंगाला घट्ट बसणारी, तीनशेच्या पुढे. ती घालायला पोट नसावं लागतं. माझी मधली. ९ च्या डोक्यात जी गोल खिडकी असते ना, तिथे हलक्या मालाचं पितळ उघडं पडतं, कारण वळणावर मशिन सावकाश फिरवावं लागतं आणि घाई करणाऱ्याचा टाका तिथेच सुटतो. इथे एकही टाका सुटलेला नाही. याआधी मी स्टेडियमबाहेरच्या एका फिरत्या विक्रेत्याकडून नक्कल घेतली होती. तिच्या आकड्याचे पापुद्रे तिसऱ्या धुण्याला वॉशिंग मशिनच्या जाळीत सापडले. त्यामुळे शिवलेल्या आकड्याची किंमत मला कळते.

मग एवढा चोख माल २२ डॉलरला का? त्याचं उत्तर कापडात नाही, आडनावात आहे.

निक फोल्स हा राखीव क्वार्टरबॅक. भारतातून कोणी पाहुणे आले की विचारतात, म्हणजे बारावा गडी ना? नाही हो. बाराव्या गड्याच्या हातात बॅट देत नाहीत. इथे पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला की राखीवाच्या हातात आख्खा डाव येतो, तोही तयारीला मिनिटभर न देता. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक चाल सुरू होते तो. आक्रमणातल्या ११ जणांत फक्त त्याच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, मागे हिरवा ठिपका लावलेला. प्रशिक्षक कानात चाल सांगतो, आणि घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज बंद. पुढचं सगळं याचं याने बघायचं: समोरचे कसे उभे आहेत, चाल बदलायची का, चेंडू कोणाकडे.

आणि ही सगळी विद्या राखीवाने सरावाविना टिकवायची. मोसम सुरू झाला की आठवड्याच्या सरावात पहिल्या संघाबरोबरच्या जवळजवळ सगळ्या चाली मुख्य क्वार्टरबॅक खेळतो. राखीवाला काय मिळतं? पुढच्या रविवारी ज्याच्याशी गाठ आहे त्या संघाच्या क्वार्टरबॅकची नक्कल करायची, म्हणजे आपल्या बचावफळीला सवय होईल. एका आठवड्यात डावखुऱ्यासारखं वागा, दुसऱ्यात पळणाऱ्यासारखं. स्वतःच्या संघाच्या चाली फक्त वहीत आणि डोक्यात. पूर्वी हातात क्लिपबोर्ड असायचा, आता टॅबलेट असतो, एवढीच प्रगती.

या कामाला पैसे चांगले आहेत, हेही सांगायला हवं, नाहीतर कोणाला वाटेल मी रडगाणं गातोय. चेस डॅनियल नावाचा गृहस्थ कारकिर्दीत पाच सामने सुरुवातीपासून खेळला आणि चार कोटी डॉलरच्या वर कमावून निवृत्त झाला. दुसरीकडे जॉश जॉन्सन: १४ वेगवेगळ्या संघांत फिरला, तो विक्रमच आहे. संघ एवढा पैसा उगाच मोजत नाहीत. इंडियानापोलिस कोल्ट्सने २०१० मध्ये १० सामने जिंकले. पुढच्या वर्षी त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याची मान दुखावली, तो पूर्ण मोसम बाहेर, आणि त्याच्या जागी तिघांना आलटून पालटून उभं करून त्यांनी फक्त २ जिंकले. बाकीचा संघ जवळपास तोच होता.

फोल्सकडे येतो. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा, जन्म १९८९ चा. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, तिसऱ्या फेरीत ८८ व्या क्रमांकावर ईगल्सने घेतला, तेव्हा प्रशिक्षक अँडी रीड. २०१३ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक मायकल व्हिक जखमी झाला म्हणून हा आत आला आणि ३ नोव्हेंबरला ओकलंडमध्ये एका सामन्यात सात टचडाउन पास, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे पोचवणारे पास, फेकून विक्रमाची बरोबरी करून बसला. मोसमअखेर २७ टचडाउन आणि फक्त २ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पळवलेले पास. गावाला वाटलं, सापडला! पुढच्या वर्षी गळपट्टीचं हाड मोडलं. त्याच्या पुढच्या वर्षी सेंट लुईस रॅम्सला पाठवला, तिथे मोसमाच्या मध्यात बाकावर बसवला, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात सोडून दिला. खेळ सोडायचं त्याच्या मनात जवळपास पक्कं झालं होतं. तेव्हा कॅन्सस सिटीहून फोन आला तो त्याच अँडी रीडचा. एक वर्ष तिथे राखीव म्हणून काढलं, आणि २०१७ मध्ये दोन वर्षांच्या, १ कोटी १० लाख डॉलरच्या करारावर हा पठ्ठ्या परत फिलाडेल्फियात, पुन्हा ९ नंबर घालून, कार्सन वेंट्झच्या मागे उभा.

वेंट्झ म्हणजे त्या वर्षी गावचा लाडका. २०१६ च्या ड्राफ्टमधला दुसरा, तरणाबांड, १३ सामन्यांत ३३ टचडाउन. माझ्या मुलाने त्याची ११ नंबरची जर्सी घेतली, शिवलेल्या आकड्यांची, पूर्ण किमतीला. १० डिसेंबर २०१७ ला लॉस एंजेलिसमध्ये, रॅम्सच्याच विरुद्ध (तो संघ तोवर तिथे हलला होता), वेंट्झने गोलरेषेकडे सूर मारला आणि त्याच्या डाव्या गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध फाटला. तशा पायाने तो आणखी चार चाली खेळला आणि टचडाउन पास फेकून बाहेर गेला. त्याला मी कधी नावं ठेवत नाही ते या चार चालींमुळे. फोल्स आत आला, सामना ४३–३५ जिंकला, पण घराघरांत सुतक. ३१ डिसेंबरला डॅलसविरुद्ध फोल्सने ११ पैकी ४ पास पूर्ण केले, एकूण ३९ यार्ड, एक इंटरसेप्शन. ईगल्स ६–० हरले. बोचरी थंडी होती, आणि आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने, ज्याच्याकडे बापाच्या काळापासूनची सीझन तिकिटं आहेत, मला कुंपणावरून सांगितलं की आता बेसबॉलची वाट बघ.

इथून पुढचं लोक चमत्कार म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक कोण? डग पेडरसन. खेळाडू म्हणून त्याची बहुतेक हयात ग्रीन बेमध्ये ब्रेट फार्व्हच्या मागे राखीव म्हणून गेली. आक्रमणाचा सूत्रधार कोण? फ्रँक राइक. तोही बफेलोत जिम केलीच्या मागे वर्षानुवर्षं राखीव, आणि जानेवारी १९९३ मध्ये केली जखमी असताना ह्यूस्टनविरुद्ध ३२ गुणांची पिछाडी भरून काढून ४१–३८ जिंकून देणारा. म्हणजे राखीव माणसाला काय येतं, काय येत नाही, कशाने त्याचा हात गार पडतो, हे पुस्तकातून नव्हे तर बाकावर बसून शिकलेले दोघे. त्यांनी काय केलं? फोल्सला वेंट्झ बनवायला गेले नाहीत. त्याच्या जुन्या चांगल्या मोसमातल्या फिती काढून बघितल्या, त्याला काय खेळायला आवडायचं ते शोधलं, आणि झटपट निर्णयाच्या चाली वाढवल्या: चेंडू पळणाऱ्याला द्यायचा की लगेच फेकायचा, ते समोरच्या एका बचावपटूकडे बघून ठरवायचं. उंच, सावकाश पळणाऱ्या, पण पटकन हात सोडणाऱ्या माणसाला हे बरोबर मानवलं. एखाद्या संघाकडे राखीव चांगला आहे असं लोक म्हणतात तेव्हा मी आधी बघतो की त्याच्यासाठी चाली बदलायला कोणी तयार आहे का.

१३ जानेवारी २०१८ ला बाद फेरीत अटलांटाला १५–१० असं हरवलं. घरचं मैदान, वरचं मानांकन, तरी पैजवाल्यांनी ईगल्सला कमी लेखलं होतं. अशा कमी लेखलेल्या संघाला इंग्रजीत ‘अंडरडॉग’ म्हणतात, म्हणून ईगल्सचे लेन जॉन्सन आणि क्रिस लाँग सामन्यानंतर कुत्र्याचे मुखवटे घालून फिरले. पुढच्या रविवारी मिनेसोटा. त्यांचा क्वार्टरबॅक केस कीनम. गंमत बघा, रॅम्सने फोल्सला बाकावर बसवून ज्याला खेळवलं होतं तो हाच, आणि तोही त्या मोसमात राखीव म्हणूनच आत आला होता. फोल्सचे ३३ पैकी २६ पास, ३५२ यार्ड, ३ टचडाउन; निकाल ३८–७. त्या रात्री लोकांनी दिव्याच्या खांबांवर चढू नये म्हणून पोलिसांनी खांबांना क्रिस्को फासलं होतं. क्रिस्को म्हणजे इथला डालडा. लोक चढलेच.

४ फेब्रुवारी २०१८, मिनिआपोलिस, ५२ वा सुपर बोल. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि टॉम ब्रेडी, जो स्वतः २००१ मध्ये ड्रू ब्लेडसो जखमी झाला म्हणून राखीवाचा मुख्य झाला होता. पूर्वार्ध संपायला ३८ सेकंद उरलेले, चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, गोलरेषा एका यार्डावर. इथे कोणीही किक मारून ३ गुण घेतले असते. फोल्स कडेला आला आणि त्यानेच एक चाल सुचवली. पेडरसन क्षणभर थांबला आणि हो म्हणाला. फोल्स आपल्या जागेवरून उजवीकडे सरकला, जणू कोणाला काही सांगायला निघालाय. चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे, तिथून ट्रे बर्टनकडे, आणि बर्टनने तो फेकला तो मोकळ्या उभ्या फोल्सकडे. क्वार्टरबॅकनेच झेललेला टचडाउन! थोड्याच वेळापूर्वी ब्रेडीकडे असाच पास आला होता आणि त्याच्या हातून सुटला होता. शेवटी ४१–३३. ब्रेडीने ५०५ यार्ड फेकले तरी हरला. फोल्स ३७३ यार्ड, तीन टचडाउन फेकले, एक झेलला, सामन्याचा मानकरी.

त्या क्षणाचा पुतळा आता स्टेडियमबाहेर आहे. ब्रॉड स्ट्रीट लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. फोल्स आणि पेडरसन समोरासमोर उभे, चाल ठरवताना. झेल नाही, फेक नाही, करंडकही नाही. दोन राखीव माणसं बोलतायत. फिलाडेल्फियाला गोडवा जमत नाही म्हणतात, पण हा पुतळा त्यांनी बरोबर जागी पकडलाय. पाहुण्यांना मी लिबर्टी बेलच्या आधी तिकडे नेतो.

आता जर्सीचा भाव. फेब्रुवारी २०१८ मध्ये ९ नंबरच्या जर्स्या एवढ्या खपल्या असणार की प्रत्येक घरात एक. पण पुढच्या मोसमात वेंट्झ बरा होऊन परतला. फोल्स पुन्हा मागे. डिसेंबरमध्ये वेंट्झची पाठ गेली, फोल्स पुन्हा पुढे: ह्यूस्टनविरुद्ध ४७१ यार्ड, ईगल्सच्या इतिहासातला एका सामन्यातला विक्रम. प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, शिकागोला १६–१५, त्यांची शेवटची किक खांबाला आणि आडव्या दांडीला आपटून बाहेर. मग न्यू ऑर्लिन्समध्ये हार. तरी संघाने भवितव्य वेंट्झचंच मानलं, आणि वयाचा, पैशाचा हिशेब बघता ते चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. फोल्सने २० लाख डॉलर परत भरून स्वतःला करारातून सोडवून घेतलं आणि मार्च २०१९ मध्ये जॅक्सनव्हिलला गेला: चार वर्षं, ८ कोटी ८० लाख डॉलर, मुख्य क्वार्टरबॅक म्हणून. तिथे नंबरही ७ झाला. माझा अंदाज असा की त्याच महिन्यात फिलाडेल्फियातल्या कपाटांची आवराआवर झाली आणि ही जर्सी दुकानात पोचली. गेलेल्या खेळाडूची जर्सी पडत्या भावात येते. हे गणित ठाऊक असलं की घेणाऱ्याचा फायदा.

जॅक्सनव्हिलचं काय झालं ते थोडक्यात. पहिलाच सामना, ८ सप्टेंबर, टचडाउन पास फेकता फेकता अंगावर कोणी पडलं, डाव्या गळपट्टीचं हाड मोडलं. आत आला सहाव्या फेरीतला नवखा, मिशाळ गार्डनर मिन्श्यू, आणि आठवड्याभरात गाव त्याच्या मिशांवर फिदा. फोल्स नोव्हेंबरमध्ये परतला, तीन सामने हरला, बाकावर गेला. ८ कोटींचा मुख्य माणूस आणि त्याच्या डोक्यावर राखीव चढून बसला! यावर हसणारे पुष्कळ भेटले. मी म्हणतो, दुसऱ्याच्या दुखापतीवर आपली भाकरी भाजली जाते हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि फोल्सने नंतर मिन्श्यूबद्दल कधी वाकडा शब्द काढल्याचं माझ्या वाचनात नाही.

मग शिकागो, पुन्हा ९ नंबर. तिथे ऑक्टोबर २०२० मध्ये टँपाला गेलेल्या ब्रेडीला २०–१९ असं पुन्हा एकदा हरवलं; शेवटी ब्रेडी चार बोटं दाखवत उभा होता, चौथा डाउन होऊन गेल्याचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. २०२१ मध्ये फोल्स तिथे तिसऱ्या क्रमांकावर ढकलला गेला. २६ डिसेंबरला दोघं पुढचे खेळू शकत नव्हते म्हणून सिॲटलच्या बर्फात त्याला उभं केलं. वर्षभर बाकावर. शेवटच्या मिनिटांत टचडाउन, त्यावर दोन गुणांची चाल, २५–२४. मला विचाराल तर हा सामना सुपर बोलच्या खालोखाल. अवघा मोसम गेला तरी हात गार पडला नव्हता. २०२२ मध्ये फ्रँक राइकने त्याला इंडियानापोलिसला बोलावून घेतलं, पण राइकलाच मध्ये काढून टाकलं, आणि १ जानेवारी २०२३ ला न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध फोल्स जखमी होऊन बाहेर गेला तो शेवटचा सामना. ऑगस्ट २०२४ मध्ये ईगल म्हणून निवृत्ती जाहीर केली. सप्टेंबरात अटलांटाच्या सामन्याला स्टेडियममध्ये त्याचा सन्मान झाला. ९ नंबर मात्र संघाने निवृत्त केलेला नाही, आणि ते ठीकच आहे.

वापराचा अनुभव. या भागात ईगल्सची कुठलीही जर्सी घातली की दूधवाला, बँकवाला, परका माणूस ‘गो बर्ड्स’ म्हणतो. ते रामरामच्या जागी आहे. पण ९ घातली की माणसं थांबतात. पेट्रोल पंपावर एकाने मला त्या रात्री तो कुठल्या नातेवाइकाच्या तळघरात बसून सामना बघत होता, कोण कुठे बसलं होतं आणि कोणाला उठू दिलं नाही, हे सगळं ऐकवलं. मागे गाड्यांची रांग लागली. भारतीय दिसणाऱ्या माणसाने ९ घातल्याचं काहींना कौतुक वाटतं, काही जण परीक्षा घेतात. मंडळाच्या गणपतीत झब्ब्याऐवजी ही घालून आरतीला उभा राहिलो तेव्हा कार्यकारिणीतल्या एका काकूंनी नाक मुरडलं, पण प्रसादाच्या रांगेत त्यांच्याच जावयाने फोटो काढून घेतला.

मुलाच्या ११ ची कथा वेगळी. वेंट्झ २०२१ मध्ये गेला: इंडियानापोलिस, मग वॉशिंग्टन, मग लॉस एंजेलिस, आणि २०२४ मध्ये कॅन्सस सिटीत पॅट्रिक महोम्सचा राखीव. ९ फेब्रुवारी २०२५ ला ईगल्सने कॅन्सस सिटीला ४०–२२ असं हरवून दुसरा सुपर बोल जिंकला, तेव्हा वेंट्झ पलीकडच्या बाजूला राखीवांत उभा होता. जिंकणाऱ्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स मूळचा वेंट्झचा राखीव म्हणून घेतलेला. मुलगा म्हणाला, आता माझीही राखीवाचीच जर्सी झाली. मी म्हटलं, हो, पण तू १५० दिलेस.

तक्रारी आहेत. सप्टेंबरच्या उन्हात ही घालू नका. ट्विलच्या आकड्यातून वारा जात नाही, पाठीवर ९ च्या आकाराचा घाम येतो. माप अमेरिकन, ढगळ. भारतात एक्सएल घालणाऱ्याला इथली लार्ज पुरते. आतून आकड्याची शिलाई थोडी टोचते, खाली पातळ सुती बनियन हवाच. धुताना उलटी करून, थंड पाण्यात; ड्रायरमध्ये कधीच नाही, कारण ट्विल आणि होजिअरी वेगवेगळ्या आटतात आणि आकड्याभोवती चुण्या पडतात, ज्या इस्त्रीनेही जात नाहीत. इस्त्री तर अजिबात नको, पॉलिएस्टर चकाकतं. सुपर बोलचा बिल्ला असला तर कडा बोटाने तपासा. मागाहून चिकटवलेला असेल तर कोपरा उचकतो. माझ्या बिल्ल्याची कड शिवलेली आहे.

फोल्सच्या बाकीच्या जर्स्यांबद्दल लोक विचारतात. रॅम्सची ५ घेऊ नका. तो संघच सेंट लुईसमधून निघून गेला आणि त्या मोसमात आठवावं असं फार नाही. जॅक्सनव्हिलची ७ मिळाली तर जवळजवळ कोरीच मिळेल, पण ती फक्त विनोद म्हणून. शिकागोची ९ चांगली, निळीवर नारिंगी कड उठून दिसते, आणि सिॲटलच्या त्या सामन्यासाठी मी ती कधीतरी घेणार आहे. कॅन्सस सिटीची ४ फार दुर्मीळ. कोणी तुम्हाला ‘अस्सल’ म्हणून देत असेल तर आधी उलटी करून बघा.

माझी विकाऊ नाही. मुलाची ११, साइझ मीडियम, शिवलेली, द्यायला तो आता कबूल झालाय. २०२२ मध्ये ईगल्समध्ये तो नंबर ए. जे. ब्राउनकडे गेला, त्यामुळे कोणाला वेंट्झ नको असेल तर नाव उसवून देईन. सुईची भोकं राहतील, ती बाह्यांवरच्या गरुडाइतक्या लांबून दिसत नाहीत. भाव ३० डॉलर, टपालखर्च वेगळा.